आईच्या खुब्यातली वाटी

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी खरं उत्तर देते, आणि समोरचा माणूस घाईघाईने मुलांच्या परीक्षांकडे वळतो. मी लोकांच्या खुब्यांची झीज मोजते. बदलून बसवलेल्या खुब्यांची. लांबलांबच्या इस्पितळांतून एक्स-रे माझ्या संगणकावर येतात, नावगाव झाकून, नुसत्या क्रमांकानिशी. आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली मी त्यासाठी अंधारी करून घेतली आहे. दुपारी जाड पडदे ओढले की खालचा भाजीवाला, शाळेच्या बसचा हॉर्न, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं लांब जातं. स्क्रीनवर कुणाचं तरी ओटीपोट उगवतं. राखाडी, शांत, ढगाळ दिवसासारखं. त्या ढगात मी दोन वर्तुळं शोधत बसते.

ही वर्तुळं कसली ते एकदाच सांगते, पुन्हा त्रास देणार नाही. खुबा बदलतात म्हणजे मांडीच्या हाडात एक दांडा ठोकतात. दांड्याच्या टोकावर धातूचा गोळा असतो, आणि तो गोळा कमरेच्या हाडात बसवलेल्या एका वाटीत फिरतो. मी बघते त्यातल्या बऱ्याच वाट्या नुसत्या प्लास्टिकच्या असतात, आणि प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. म्हणून वाटीच्या काठात एक बारीक तार घातलेली असते. तिचं दुसरं काहीच काम नाही, फोटोत दिसायचं एवढंच. माणूस चालतो, जिने चढतो, आणि वर्षानुवर्षं तो गोळा त्या न दिसणाऱ्या वाटीत किंचित किंचित रुतत जातो. सॉफ्टवेअर गोळ्याच्या कडेवर एक वर्तुळ बसवतं, तारेवरून वाटी कुठे असेल ते ताडून दुसरं बसवतं, आणि दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर सांगतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या फोटोत ते अंतर किती होतं आणि आज किती आहे, यातला फरक म्हणजे झीज. थोडक्यात, जे दिसत नाही ते किती कमी झालं, हे मी मोजते. माझ्या ओळखीत एवढं निवांत काम दुसऱ्या कुणाला नाही.

मला 'थोडंसं' या शब्दाचा राग आहे. थोडंसं दुखतं, थोडंसं मीठ, थोडंसं थांब. किती ते सांगा ना. हा स्वभाव कामामुळे झाला की स्वभावामुळे काम मिळालं, ठाऊक नाही, पण घरचे सगळे मला टरकून असतात. फक्त आई टरकत नाही. ती वटारला राहते, आमच्या वाडीत, आणि तिचा सगळा कारभार थोडंसंवर चालतो. घरामागे बावखल आहे, म्हणजे वाडीला पाणी देणारं आमचं जुनं तळं. त्याच्या काठाने केळी आणि अळू, आणि ओटीसमोर सोनचाफ्याची झाडं. आई मूळची मिठागराच्या गावातली. लग्न होऊन वाडीत आली, बाबांच्या घरची बोली तिला समजायला लागली, पण तोंडातून येत राहिली ती माहेरचीच. पाण्याला ती अजून पानी म्हणते. लहानपणी मी शाळेतून शिकून येऊन तिला सुधारायला गेले, तेव्हा तिने त्याच पान्याने भरलेली कळशी मला उचलायला लावली होती.

तिच्या कमरेला काळ्या दोऱ्यात चांदीची एक जुनी अधेली आहे, कडेला भोक पाडलेली. तिच्या गावात मिठागराच्या बांधावर देवीचं ठाणं आहे. गावातली मुलगी लग्न होऊन बाहेर निघाली की देवीच्या पायाला लावलेलं नाणं तिच्या कमरेला बांधायचं, अशी तिकडची रीत. मुलगी जाते तशी देवीही तिच्याबरोबर थोडी जाते म्हणतात. हे नाणं उतरवायचं नसतं. उतरवायचीच वेळ आली तर ते घरच्या माणसाच्या मुठीत राहिलं पाहिजे, पुन्हा बांधेपर्यंत. जमिनीवर नाही, टेबलावर नाही, पाकिटात नाही. बाराएक वर्षांपूर्वी आईचा उजवा खुबा बदलला तेव्हा बाबा होते. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात आईने दोरा सोडून त्यांच्या हातात दिला, आणि तिला बाहेर आणेपर्यंत बाबांनी उजवी मूठ उघडली नाही. मी आणलेला चहा त्यांनी डाव्या हाताने घेतला आणि निम्मा सदऱ्यावर सांडला. नर्सने कुठे सही करायची ते दाखवलं, तेव्हा त्यांनी मान हलवून माझ्याकडे बोट केलं, तेही डाव्याच हाताचं.

बाबा गेल्याला आता चार वर्षं होतील. आई एकटी राहते आणि मजेत राहते. पण मागच्या वर्षी चाफा ऐन भरात असताना तिचा उजवा पाय दुखायला लागला. पहिल्यांदा तिने लपवलं. मग एका दुपारी मी गेले तर चाफा काढायची लांब आकडी ती काठीसारखी टेकत चालत होती.

"काय होतंय?"

"काय नाय. थोडंसं धरतं."

"किती धरतं?"

"तुज्या त्या यंत्राला कळंल एवडं नाय," ती म्हणाली आणि आकडी फांदीला लावून पुन्हा फुलं पाडायला लागली. फुलं मात्र मला वेचायला लावली.

ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं त्यांच्याकडेच गेलो. आता तेही म्हातारे झाले आहेत. त्यांनी आईला चालवून पाहिलं, पाय फिरवून पाहिला, आणि तिला बाहेर बसायला सांगून माझ्याशी बोलले. वाटी झिजली असेल तर पुन्हा उघडावं लागेल. पहिल्यापेक्षा हे ऑपरेशन मोठं. आईच्या हृदयाचं दुखणं आता जुनं झालंय, म्हणजे धोका आहे, आणि तो त्यांनी मऊ शब्दांत का होईना पण पुरता सांगितला. न उघडता तसंच ठेवलं आणि वाटी पार झिजली तर आजूबाजूचं हाड पोखरत जातं, मग करण्यासारखं फार उरत नाही. "आजींचं हे वय बघता मी उगाच कापणार नाही," ते म्हणाले. "पण अंदाजावर सोडणारही नाही. तुम्ही तर हेच करता. नवा फोटो काढा, जुन्याशी मोजा, आणि मला सांगा." आईला पुन्हा टेबलावर घ्यायचं की नाही हे आता माझ्या दोन वर्तुळांवर येऊन ठेपलं होतं.

एक्स-रे काढायला वसईतल्या एका छोट्या केंद्रात गेलो. तिथल्या फोटो काढणाऱ्या माणसाला मी नको नको केलं. पाय एवढेच आत वळवा, कंबर सरळ, गेल्या फोटोसारखीच. तो बिचारा गाऊन घातलेल्या आईला टेबलावर निजवून म्हणाला, "मावशी, अंगावर धातूचं काही नाही ना?" आई म्हणाली, "नाय." मी त्याच्याबरोबर काचेमागे जाऊन उभी राहिले. काचेतून आई फार लांब वाटत होती, बावखलाच्या पलीकडच्या काठावर निजल्यासारखी. तिने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी तिला हलू नकोस अशी खूण केली.

पहिला फोटो तिच्या गादीखाली होता. आमच्याकडे सगळ्यांचे एक्स-रे गादीखालीच असतात, सपाट राहतात म्हणून. तो घरी आणून मी स्कॅन केला. कामात नावं झाकलेली असतात, ती मोजणाऱ्याचं मन मध्ये येऊ नये म्हणून. मीही आईच्या नावावर चिकटपट्टी लावली, आणि मग स्वतःचंच हसू आलं. पडदे ओढले, फोटो उघडला. राखाडीतून कमरेचं हाड वर आलं. दोन्ही बाजूंना पसरलेलं, मध्ये ती गोल पोकळी. रोज अशी हाडं बघते मी. पण हे बघताना मला कळलं की या पोकळीत मी राहून आले आहे. याच काळोखात पाय दुमडून पडले होते, काहीही न मोजता. मी बराच वेळ माउसला हात लावला नाही. खोली उबदार होती आणि मला झोप येत होती. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं आणि मला वाटलं ती हाक मलाच आहे.

मग काम सुरू केलं. एरवी गोळ्याच्या कडेवर टिंबं मी स्वतः टाकते, यंत्रावर सोपवत नाही. त्या दिवशी मात्र जिथे मला हवं होतं तिथे टिंब पडायला बघत होतं. म्हटलं, नको, माझी माया त्यात उतरायला नको. सगळं सॉफ्टवेअरच्या हवाली केलं. त्याने क्षणात वर्तुळं बसवली आणि आकडा दिला. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास.

बाहेरच्या माणसाला साडेतीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबी. आमच्या कामात तो आकडा आला की फाईल बाजूला काढून वर कळवतात. मी पुन्हा चालवलं. तेच. फोटो थोडा फिरवून चालवलं. तेच. यंत्र चुकत असेल तर निदान दरवेळी वेगळं चुकेल, अशी माझी समजूत होती. ते तसंच्या तसं, एखाद्या हट्टी माणसासारखं, साडेतीनच म्हणत राहिलं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की हृदयाच्या तपासण्या आधी करून घेऊ, त्या ठीक आल्या तर लगेच उघडू.

आईला सांगायला दुसऱ्या दिवशी गेले. ती ओटीवर झोपाळ्यावर बसली होती, मांडीवर परडी, परडीत चाफा. मी सगळं सांगितलं. तिने एकेक फूल केळीच्या पानात ठेवणं थांबवलं नाही.

"म्हनजे पुन्ना कापनार."

"हो."

"आनि मी उटले नाय तर?"

मी परडीतलं एक फूल उचलून तिच्या हातात दिलं. आईने तेही पानात ठेवलं. म्हणाली, "चाफ्याचा बार सरू दे. मंग काय ते करा."

ते दिवस आता आठवले की सलग आठवत नाहीत, वाफेत दिसतात तसे दिसतात. मी काम आटोपून रोज दुपारी रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला जायची, रिक्षाने वटारला. आई मला काही काही दाखवायची. कुठल्या केळीखाली नवं पिल्लू लावलंय, मोगऱ्याला कधी पाणी तोडायचं. शिकवतेय असं म्हणत नव्हती, पण शिकवत होती. मी ऐकत होते आणि ऐकू येत नव्हतं. मग ती झोपाळ्यावरच कलंडून डुलकी काढायची आणि मी समोर खांबाला टेकून बसायची. झोपाळ्याची कडी करकरायची, बावखलात काहीतरी डुबुक करायचं, चाफ्याचा वास एवढा दाट असायचा की डोकं जड व्हायचं. मला तिच्या लुगड्याआतून तो गोळा दिसायचा, पांढरा, एका न दिसणाऱ्या वाटीत बुडत चाललेला. कधी कधी माझाही डोळा लागायचा. स्वप्नात मी त्याच राखाडीत चालत असायची, खाली जमीन नसायची, आणि लांब एक बारीक तार चमकत असायची. तिच्यापर्यंत पोचलं की आई वाचेल असं काहीसं असायचं. मी पोचायच्या आत आई उठून चहा ठेवायची.

तपासण्यांची वेळ ठरली. त्याच्या आधल्या दुपारी, माझं रोजचं काम झाल्यावर, मी आईचा नवा फोटो उघडला. मोजायला नव्हे. लोक जुना अल्बम उघडतात तसा. सॉफ्टवेअरची हिरवी वर्तुळं बंद केली आणि नुसतं बघत राहिले. गोळा बघितला, दांडा बघितला, हाडाच्या कडा. मग पुन्हा गोळा. त्याची वरची कड जिथे वाटीकडे गेली होती, तिथे कडेच्या आत एक काळं टिंब होतं. बारीक, पण नीट गोल. मी मोठं करून पाहिलं. धूळ नव्हती. फोटोतला डागही नव्हता.

गोळ्याला भोक नसतं.

मी प्रकाश कमीजास्त केला. हळूहळू त्या पांढऱ्यात दोन पांढरे वेगळे झाले. एक गोळा. आणि त्याच्या मागून, वरच्या अंगाला, अमावास्येनंतरच्या चंद्रासारखं डोकावणारं दुसरं काहीतरी. कडेला भोक पाडलेलं. ते काय आहे हे माझ्या डोक्याच्या आधी माझ्या बोटांना कळलं, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला दीड महिना मीच आंघोळ घालत होते आणि तो दोरा दर वेळी बाजूला सारत होते. सॉफ्टवेअरने अधेलीची कड गोळ्याची म्हणून धरली होती. मला आधी हसू फुटलं, मग भयंकर राग आला, आणि त्या रागातच मी चपला घातल्या.

आई ओटीवरच होती. मी बसलेही नाही.

"आई, फोटो काढताना अधेली कुठे होती?"

तिने झोपाळा पायाने थांबवला. "व्हती कमरंला."

"त्याने विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस."

"त्यानं धातूचं काय हाय का म्हनून इचारलं. देवीचं हाय का, नाय इचारलं."

"काढून द्यायचीस ना."

"कोनाला? तो म्हनला असता, ठेवा त्या टेबलावर. टेबलावर ठेवू? तुज्या बाबांची मूठ व्हती तवाची गोष्ट येगळी."

"मी होते की."

"तू काचेच्या पलीकडं व्हतीस," आई म्हणाली. "मी बगितलं तुज्याकडं. तू हात केलास, हलू नको म्हनून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळे मला ते जास्त लागलं. "मंग मी दोरा सैल करून मागं सारला. अंगाखाली दाबला. फोटू वरून काडतात ना? खालचं कशाला दिसंल."

मी खांबाला धरून बसले. या घरात मी वीसेक वर्षं एक्स-रेचं काम करते म्हणून सांगत आले होते, आणि ते किरण अंगातून आरपार जातात, वरचं खालचं सगळं एकाच कागदावर येतं, हे आईला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिच्या लेखी फोटो म्हणजे फोटो, समोरून काढला तर पाठ दिसत नाही. यात तिचं काय चुकलं, मला सांगता येईना. आणि मला राग धरवेना, कारण काळजावरचा दगड हलला होता. आकडा खोटा होता. खरा किती, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं, पण हा तरी खोटा होता.

हृदयाच्या तपासण्या पुढे ढकलल्या आणि आम्ही पुन्हा त्याच केंद्रात गेलो. आईने गाऊन घालायच्या आधी दोरा सोडला. नाणं गरम होतं, तिच्या अंगाच्या उबेने. तिने ते माझ्या तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून स्वतः मिटवली, लहान मुलाच्या मुठीत खाऊ देतात तशी. तो माणूस काचेमागून म्हणाला, "मॅडम, आज आत येत नाही? पाय किती वळवायचे?"

"तुम्हाला येतं ते," मी म्हटलं. "मला इथे काम आहे."

मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर पंखा फिरत होता, भिंतीवर गर्भवती बायकांसाठीची सूचना होती, एक बाई मांडीवरच्या पोराला झोपवत होती. हात घामेजला तरी मी मूठ सैल केली नाही. आयुष्यभर मी या असल्या गोष्टींना हसत आले आहे. त्या बाकावर मला हसू आलं नाही. बाबांना त्या दिवशी तो चहा डाव्या हाताने का प्यावासा वाटला असेल, ते मला नीट कळलं, आणि बाबांची एवढी आठवण आली की पंख्याकडे बघत राहावं लागलं.

या वेळी टिंबं मी माझ्या हाताने टाकली. पडदे ओढून, घाई न करता. ती कडेवरच पडली. आकडा आला एक मिलिमीटरच्या जरासा वर. बारा वर्षांत एवढं म्हणजे काहीच वावगं नाही. खुर्चीत मागे रेलून मी डोळे मिटले. त्या दुपारी मला जी झोप लागली तिच्यात तार नव्हती, राखाडी नव्हती, काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी आईला पालथं निजवून पाठीचा कणा दाबून पाहिला, आणि एके ठिकाणी ती कळवळली. दुखणं तिथलं होतं, कमरेच्या मणक्याचं, पायात उतरणारं. व्यायाम सांगितले, शेक सांगितला. मग त्यांना माझ्या लॅपटॉपवरचा आलेख बघायचा होता. याच गतीने वाटी झिजत गेली तर कधी बदलावी लागेल, ती रेघ सॉफ्टवेअर आपली आपणच पुढे काढून ठेवतं. आईचं वय त्यात भरलेलं असतं. ते खाली वाकून बघत म्हणाले, "एकशे अकराव्या वर्षी." आणि मोठ्याने हसले. "आजी, खुब्याची काळजी सोडा. ही वाटी तुम्हाला आयुष्यभर पुरेल."

आई हसली, मी हसले. जीव भांड्यात पडला होता. रिक्षात बसलो, आई बाहेरचं बघत होती, आणि मला अचानक ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. आयुष्यभर. म्हणजे वाटी उरणार आणि आयुष्य सरणार. आम्ही ज्याला चांगली बातमी म्हणून हसलो ती बातमी एवढीच होती, की प्लास्टिकच्या आधी माझी आई संपेल. कधी ना कधी ती जाईल हे मला काय आज कळत होतं? पण माझ्याच यंत्राने, माझ्याच हाताने टाकलेल्या टिंबांवरून ते रेघ ओढून दाखवलं होतं. एकीकडे रेघ चालली होती एकशे अकराकडे, आणि माझ्या शेजारी बसलेली आई शहात्तर वर्षांची होती. महिनाभर मी एकच मागत होते, ती वाटी झिजलेली नसू दे. ती झिजलेली नव्हती, आणि मला रिक्षात रडू आवरत नव्हतं.

आईने पाहिलं असेल. घरी आल्यावर हातपाय धुऊन ओटीवर बसली. वाडीत उन्हं कलली होती, बावखलावर पिवळं ऊन पसरलं होतं. मी दोरा तिच्या कमरेला बांधून दिला.

"किती म्हनला तो? एकशे अकरा?"

"हो."

"तवर कोन बसतंय."

"तू बस," मी म्हटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला. "तू चालत राहा. चाफा काढ, माहेरी जाऊन ये, बांधावर देवीपर्यंत चालत जा, रोज जा. ती वाटी पार झिजवून टाक, आई. मला ती झिजलेली मोजायची आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केस मागे सारले, आणि बोटांवर काहीतरी हिशेब करत राहिली. तिचा हिशेब नेहमी बोटांवर असतो आणि तो कधी चुकत नाही.

"मी एकशे अकराची झाले तर तू केवडी व्हशील?"

"पंच्याऐंशीची."

"आनि तवा मी नसले," आई म्हणाली, "तर तुजा खुबा कोन मोजंल?"